‘मॅक्बेथ’मध्ये महत्त्वाकांक्षा नेमकी कुठे आहे, आणि टोचणी कशाची आहे?

तळटीप

नमस्कार. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एका दीर्घ निबंधासाठी मी शेक्सपिअरचे ‘मॅक्बेथ’ घेतले असून ‘महत्त्वाकांक्षा आणि अपराधभाव’ असा विषय ठरला आहे. नाटक दोनदा वाचून झाले, टिपणेही काढली. पण लिहायला बसल्यावर एका ठिकाणी अडले आहे. परीक्षेच्या तयारीसाठी मिळणाऱ्या पुस्तिकांतली मांडणी साधारण अशी असते की महत्त्वाकांक्षेपोटी सरदार मॅक्बेथ हा डंकन राजाचा खून करतो, मग त्याला अपराधभाव ग्रासतो आणि अखेर त्याचा नाश होतो. म्हणजे आधी एक विकार, मागोमाग दुसरा, आणि शेवटी शिक्षा. संहितेत मला हा क्रम सापडत नाही. तू राजा होशील हे चेटकिणींचे भाकीत ऐकून काही क्षण होतात न होतात तोच मॅक्बेथच्या अंगावर काटा उभा राहतो, हृदय बरगड्यांवर आदळू लागते, आणि खून अजून नुसता मनातला असताना तो त्या विचारानेच हादरतो. उलट राजा होऊन आपल्याला काय करायचे आहे, हे तो कुठेच सांगत नाही.

माझ्या शंका अशा. या नाटकाला महत्त्वाकांक्षेची शोकांतिका म्हणणे कितपत योग्य आहे? नवरा आधी कचरणारा आणि नंतर निर्ढावलेला, बायको आधी खंबीर आणि नंतर खचलेली, अशी जी अदलाबदल नेहमी दाखवली जाते, तिच्यावर विसंबावे का? आणि खुनानंतर मॅक्बेथला जे वाटते त्याला काय म्हणावे? टिपणांत मी अपराधभाव, पश्चात्ताप आणि टोचणी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत गेले आहे, आणि आता वाचताना ते चुकल्यासारखे वाटते.

फळा आणि खडू

आपली शंका रास्त आहे, आणि निबंधाचा गाभा त्या शंकेतच आहे असे मला वाटते. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातील स्वगत समोर ठेवून एक एक ओळ वाचावी, ही माझी पहिली सूचना. आत पंगत बसली आहे, डंकनचे जेवण संपत आले आहे, आणि यजमान मात्र पाहुण्याला तसाच सोडून बाहेर येऊन उभा आहे. तो कारणे मोजतो. हे कृत्य इथेच संपणार असेल, त्याचे परिणाम त्याच्यातच जिरणार असतील, तर परलोकाची पर्वा मी केली नसती, असे तो आधी म्हणतो. पण रक्तपाताचा धडा शिकवणाऱ्यावरच तो धडा उलटतो, हे त्याला ठाऊक आहे. मग डंकन आपला आप्त आहे, आपण त्याची प्रजा आहोत, आणि ज्या यजमानाने मारेकऱ्याला दार बंद करायचे त्यानेच सुरा उचलायचा, हे येते. त्यानंतर डंकनची सौम्य राजवट येते आणि करुणेला नग्न, नवजात अर्भकाचे रूप मिळते. महत्त्वाकांक्षेचे नाव निघते ते अगदी शेवटी. तेही कसे, तर माझ्या हेतूच्या घोड्याला टाच मारायला दुसरे काही नाही, केवळ ही उडी घेणारी महत्त्वाकांक्षा आहे, आणि ती खोगिरावर बसायच्या भरात पलीकडे जाऊन पडते. महत्त्वाकांक्षेची ही प्रतिमाच मुळी पडण्याची आहे.

आता पुढचे पाहा. पत्नी बाहेर येते तेव्हा तो तिला सांगतो की हे प्रकरण आपण पुढे न्यायचे नाही. कारण काय देतो? राजाने नुकताच माझा मान केला आहे, सर्व थरांतल्या लोकांकडून मी सोन्यासारखे नाव कमावले आहे, ते नवे कोरे असतानाच अंगावर मिरवावे, इतक्यात टाकून देऊ नये. अर्भक, करुणा, आप्तपणा यांपैकी एक शब्दही तो तिच्यासमोर काढत नाही. जे खरे कारण आहे ते स्वतःशी, आणि जे लोकांत खपेल ते बायकोला. टोचणी त्याला खुनाआधीच पुरेपूर आहे. ती दुसऱ्यासमोर मांडायची भाषा तेवढी त्याच्याकडे नाही.

लेडी मॅक्बेथही त्याला राजमुकुटाचे वैभव दाखवून वळवत नाही. यापुढचे सगळे दिवस आणि रात्री आपल्याच सत्तेच्या असतील, असे एक वाक्य ती पाचव्या प्रवेशात बोलून जाते, तेवढेच. सातव्या प्रवेशात ती त्याचे पौरुष काढते, दिलेल्या शब्दाची आठवण करून देते, आणि बेत सांगते. म्हणून ‘महत्त्वाकांक्षा’ हा शब्द आपण जपून वापरावा असे मी सुचवेन. आजच्या मराठीत तो जवळजवळ गुणवाचक झाला आहे. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर शिक्षक तो कौतुकाने लिहितात. नाटकात तो शब्द ज्या ठळक जागी येतो त्या पाहाव्यात. तुझ्यात महत्त्वाकांक्षा नाही असे नाही, पण तिच्यासोबत लागणारा दुष्टपणा नाही, असे बायको नवऱ्याविषयी म्हणते. दुसरी जागा वर आलेल्या स्वगताची. तिसरी मात्र मजेची आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी रॉस हा सरदार उधळ्या महत्त्वाकांक्षेला दोष देतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर डंकनचे पळून गेलेले मुलगे असतात, म्हणजे ज्यांनी काहीच केलेले नाही ते.

आणखी एक धागा सांगून थांबतो. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात डंकन आपला मुलगा माल्कम याला कंबरलंडचा राजपुत्र म्हणून जाहीर करतो तेव्हा मॅक्बेथ ताऱ्यांना विझायला सांगतो आणि म्हणतो की हाताचे काम डोळ्याने पाहू नये, तरीही झाल्यावर डोळ्याला जे पाहायची भीती वाटेल ते होऊन जावे. खून झाल्यावर हेच डोळे आणि हेच हात परत येतात: हे हात कुणाचे, हे तर माझे डोळे उपटून काढत आहेत. हात आणि डोळा यांची ही फारकत आपण निबंधभर पुढे नेऊ शकता.

विंगेतून

मी अभ्यासक नाही; नाटक उभे करणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे दुसऱ्या शंकेपुरतेच बोलतो. अदलाबदलीचा तो तक्ता फळ्यावर काढायला सोयीचा आहे, पण नटीने तो डोक्यात ठेवून भूमिका केली तर पाचवा अंक आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश घ्यावा. खून प्रेक्षकांना दिसतच नाही. दिसतात ते दोघांचे हात आणि ऐकू येतात ती दोघांची तुटक वाक्ये. केव्हा? आत्ता. मी खाली येत होतो तेव्हा? हो. या प्रवेशात लेडी मॅक्बेथ खंबीर आहे असे सगळे म्हणतात. पण ती येते तीच मुळी सांगत की ज्या मद्याने पहारेकरी झिंगले त्याने मला धीर दिला. म्हणजे धीराला टेकू लागला आहे. लगेच ती म्हणते की झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर हे काम मीच केले असते. पहिल्या अंकात दूध पिणाऱ्या बाळाची उपमा निर्दयपणे वापरणारी ही बाई एका म्हाताऱ्याच्या झोपलेल्या चेहऱ्यापाशी अडली आहे, आणि हे ती स्वतःच्या तोंडाने कबूल करते.

मॅक्बेथ घोटाळ्यात कट्यारी सोबत घेऊन येतो आणि परत जायला नकार देतो. मग ती जाते, रक्त लावून येते, आणि थोड्याशा पाण्याने हे सगळे धुऊन निघेल असे म्हणते. तिच्या आधी काही ओळींवर त्याने म्हटलेले असते की अख्ख्या समुद्राने हा हात धुतला जाणार नाही, उलट समुद्रच लाल होईल. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ती झोपेत हात चोळते आणि अरबस्तानातली सगळी अत्तरेही या छोट्या हाताला सुवास देऊ शकणार नाहीत असे म्हणते. इथवर सगळे सांगतात. मला महत्त्वाचे वाटते ते मधले. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, नवरा येण्याआधी क्षणभर एकटी असताना, सगळे खर्च झाले आणि हाती काही लागले नाही, इच्छा पुरी झाली पण समाधान नाही, अशा अर्थाच्या चार ओळी ती बोलते. तो आला की सूर बदलते आणि जे झाले ते झाले म्हणून त्यालाच समजावते. मॅक्बेथने मारवलेल्या बँको या सरदाराचे भूत येते त्या पंगतीच्या प्रवेशानंतर थेट पाचव्या अंकापर्यंत ती रंगमंचावर नाही. तिचे खचणे या मधल्या काळात झाले असे आपण समजतो, कारण तेवढा काळ ती दिसत नाही. खरे पाहता ती दुसऱ्या अंकापासून खचत आहे आणि नवऱ्यासमोर ते झाकत आहे.

त्या झोपेतल्या प्रवेशात तिचे सगळे बोलणे गद्यात आहे, हेही टिपून ठेवावे. तोवर ती पद्यात बोलत आलेली असते. दुसऱ्या अंकातली वाक्ये, मॅक्डफ या सरदाराच्या बायकोचा खून, बँकोचे दफन, सगळे एकमेकांत मिसळून बाहेर पडते. जवळ सतत दिवा हवा, असा तिचा हुकूम आहे. पहिल्या अंकात हिनेच दाट रात्रीला हाक मारली होती, माझ्या सुरीला ती करते ती जखम दिसू नये म्हणून.

बखरवाचक

शेक्सपिअरने कथानक कुठून घेतले, याकडे पाहिल्यास आपल्या पहिल्या शंकेला एक वेगळा आधार मिळतो. त्याचा मुख्य आधार होलिन्शेडचा इतिहासग्रंथ, ज्याची पहिली आवृत्ती 1577 ची आणि दुसरी 1587 ची. इतिहासातला मॅक्बेथ 1040 ते 1057 या काळात स्कॉटलंडचा राजा होता. डंकन वयाने तरुण होता आणि तो लढाईत पडला. होलिन्शेडच्या कथेतला डंकन मऊ स्वभावाचा, शासनात ढिला असा राजा आहे. त्याने माल्कमला वारस नेमल्यामुळे मॅक्बेथचा त्या काळच्या रीतीप्रमाणे असलेला हक्क बुडतो आणि त्याच्या तक्रारीत तथ्य आहे असे खुद्द ग्रंथकारच सुचवतो. बँको या कटात सामील आहे. आणि राजा झाल्यावर हा मॅक्बेथ सुमारे 10 वर्षे चांगला कारभार करतो, कायदे करतो.

शेक्सपिअरने यातले काय ठेवले आणि काय टाकले ते पाहावे. डंकन वृद्ध आणि पूज्य झाला. मॅक्बेथचा हक्क गेला. 10 वर्षांचा सुराज्याचा काळ गेला. बँको निर्दोष झाला; त्यामागे एक व्यवहारी कारणही आहे, कारण 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे. खुनाचा तपशील तर वेगळ्याच प्रकरणातून उचलला आहे: त्याच ग्रंथात डॉनवाल्ड नावाचा सरदार पत्नीच्या आग्रहावरून आपल्या किल्ल्यात पाहुणा आलेल्या डफ राजाला मारवतो आणि नंतर राजाच्या सेवकांनाच ठार करतो. पुतण्याला विष घालणाऱ्या केनेथ राजाला रात्री आवाज ऐकू येतो आणि झोप लागत नाही, ही तिसरी गोष्टही तिथलीच. ‘आता झोप नाही’ हा मॅक्बेथला ऐकू येणारा आवाज बहुधा तिथून आला असावा.

एकूण परिणाम असा होतो की मॅक्बेथपाशी एकही सबब उरत नाही. अन्यायाची तक्रार नाही, वाईट राजा नाही, जोडीला साथीदार सरदार नाही. सबब काढून घेतली की उरते ती निखळ टोचणी. महत्त्वाकांक्षेचे नाटक लिहायचे असते तर होलिन्शेडचा मॅक्बेथ अधिक सोयीचा होता, कारण त्याला हक्क होता आणि राज्य करण्याची कुवतही होती.

शंकेखोर

वरील तिन्ही उत्तरे वाचली. माझे मत वेगळे आहे आणि ते तिसऱ्या शंकेविषयी आहे. खुनानंतर मॅक्बेथला जे वाटते त्याला मी टोचणी म्हणणार नाही, भीती म्हणेन. तिसऱ्या अंकात तो म्हणतो की राजा असणे म्हणजे काहीच नाही, सुरक्षित राजा असणे हे खरे. बँकोची त्याला धास्ती वाटते, म्हणून बँकोला मारायचे. मुलगा फ्लीअन्स निसटला म्हणून पुन्हा अस्वस्थ. पंगतीत बँकोचे भूत दिसते तेव्हा तो भुताला पहिले वाक्य ऐकवतो ते असे की हे मी केले असे तू म्हणू शकत नाहीस. हा तर वकिली बचाव झाला. हात मारेकऱ्यांचा, माझा नव्हे. मग तो तक्रार करतो की पूर्वी मेंदू बाहेर पडला की माणूस मरायचा आणि विषय संपायचा, आता मेलेले उठून आपल्याला आसनावरून ढकलतात. यात पाप कुठे आहे? आपल्याकडे म्हणतात, मन चिंती ते वैरी न चिंती. एवढेच आहे ते.

तुलनेसाठी ‘हॅम्लेट’मधला क्लॉडिअस पाहावा. तो गुडघे टेकतो, आणि मुकुट, महत्त्वाकांक्षा, राणी हे सगळे अजून माझ्या हाती असताना मला क्षमा कशी मिळेल, असे स्वतःला विचारतो. त्याला पश्चात्ताप म्हणजे काय हे कळते आणि आपल्याला तो होत नाही हेही कळते. मॅक्बेथ कधी गुडघे टेकत नाही.

फळा आणि खडू

क्लॉडिअसची तुलना चांगली आहे, आणि ‘पश्चात्ताप’ हा शब्द मॅक्बेथसाठी वापरू नये, इथवर मी आपल्याशी सहमत आहे. पश्चात्तापात परत फिरण्याची तयारी असते. रक्तात इतका आत आलो आहे की मागे फिरणेही पलीकडे जाण्याइतकेच कष्टाचे, असे मॅक्बेथ स्वतः म्हणतो.

पण भीतीने सगळा हिशेब लागत नाही. झोपेतून जागे झालेल्या दोघांपैकी एक ‘देव कृपा करो’ म्हणाला तेव्हा आपल्या तोंडून ‘आमेन’ का निघाले नाही, हे तो पुन्हा पुन्हा विचारतो. ज्याला फक्त पकडले जाण्याची भीती आहे तो हा प्रश्न विचारणार नाही. चेटकिणींच्या भाकिताप्रमाणे पुढे राजे होणाऱ्या बँकोच्या वंशजांसाठी मी माझे चिरंतन रत्न मानवजातीच्या शत्रूला देऊन बसलो, हा तिसऱ्या अंकातला त्रागाही पाहावा. आत्मा गेला याची त्याला पक्की जाणीव आहे. ती जाणीव मत्सराच्या वाक्यात गुंडाळून येते इतकेच.

शिवाय पुढे तो काय करतो ते पाहावे. पंगतीच्या प्रवेशाच्या अखेरीस तो म्हणतो की डोक्यात ज्या गोष्टी आहेत त्या तपासून पाहण्याआधीच हाताने केल्या पाहिजेत. चौथ्या अंकात, मॅक्डफ इंग्लंडला पळाल्याचे कळताच, मनात पहिले जे येईल तेच हात पहिले करील असे ठरवतो आणि मॅक्डफच्या बायकामुलांवर मारेकरी धाडतो. त्या खुनाचा काडीचाही उपयोग नाही. त्यातून कोणतेही आसन सुरक्षित होत नाही. पहिल्या अंकात विचार आणि कृती यांच्यामध्ये एक अख्खे स्वगत मावत होते, आणि टोचणी राहत होती ती त्याच जागेत. आता तो ती जागाच बुजवतो आहे. ज्याला टोचणी नाही त्याला हे करण्याची गरज पडली नसती.

शंकेखोर

जागा बुजवण्याचा मुद्दा मान्य. ‘आमेन’चा अर्धा मान्य, तिथे रात्रीची, रक्ताची झिंग आहे. पण मग निबंधात हेही यावे की पाचव्या अंकात ती जागा खरोखरच बुजते. स्त्रियांचा आक्रोश ऐकून तो म्हणतो की भीतीची चव मी जवळजवळ विसरलो, आणि बायकोच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा तो पुरता रडतही नाही, उद्या आणि उद्या आणि उद्या करत आयुष्याचाच निकाल लावतो.

तळटीप

सर्वांचे आभार. आता मांडणी उलटी करावी असे ठरवत आहे: अपराधभाव हा महत्त्वाकांक्षेचा परिणाम न मानता तो कृत्याआधीच तिथे आहे असे दाखवायचे, आणि नाटकाचा प्रवास म्हणजे त्याला राहायला जागा न देण्याची धडपड, असे म्हणायचे. ‘पश्चात्ताप’ हा शब्द क्लॉडिअसपुरता ठेवते. खुनानंतर लगेच येणारा किल्ल्याच्या द्वारपालाचा प्रवेश मात्र कुठे बसवावा हे कळत नाही. आणि शंकेखोर म्हणतात तसे शेवटी काहीच उरत नसेल, तर माझा शेवटचा भाग फार कोरडा होईल.

बखरवाचक

द्वारपाल नरकाच्या दाराचा पहारेकरी असल्याचे सोंग आणतो आणि दुटप्पी शपथ घेणाऱ्याला आत घेतो. त्याचा संबंध राजा आणि पार्लमेंट उडवून देण्याच्या गनपावडर कटासाठी 1606 मध्ये झालेल्या गार्नेट या जेझुइट पाद्र्याच्या खटल्याशी अभ्यासक जोडतात. अर्धसत्याने देवाला फसवता येत नाही, हा त्याचा विनोद. चेटकिणींच्या अर्धसत्यांशी तो जोडावा, एक परिच्छेद पुरे.

विंगेतून

शेवट कोरडा होणार नाही, दोन जागा आहेत. पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात मॅक्बेथ म्हणतो की माझे आयुष्य वाळल्या पानाला आले, आणि म्हातारपणाच्या सोबतीला जे असावे, मान, प्रेम, आज्ञाधारकपणा, मित्रांचा घोळका, ते मला मिळणार नाही. त्याऐवजी तोंडदेखला मान आणि हळू आवाजातले शाप. आपल्याला काय हवे होते, हे तो नाटकभरात इतके सविस्तर इथेच सांगतो. पहिल्या अंकात बायकोला सांगितलेले ते सोन्यासारखे नाव आठवावे. मुकुटाच्या आधी यातले बरेच काही त्याच्याकडे होते.

दुसरी जागा अगदी अखेरची. मॅक्डफ समोर येतो तेव्हा मॅक्बेथ म्हणतो की सगळ्यांत मी तुलाच टाळत आलो, मागे फिर, तुझ्या माणसांच्या रक्ताने माझा आत्मा आधीच फार जड झाला आहे. तलवारी उपसलेल्या असतात, म्हणून तालमीत हे वाक्य बहुतेकदा घाईत म्हटले जाते आणि वाया जाते. ‘मॅक्डफपासून सावध राहा’ असा इशारा त्याला चेटकिणींकडे मिळालेला आहे, त्यामुळे ही भीतीच आहे असे शंकेखोर म्हणतील. पण या क्षणी स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणी आपल्याला मारू शकत नाही यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे. काही ओळींनंतर तो मॅक्डफला हे ऐकवतोही. मॅक्डफ आईचे पोट फाडून काढलेला आहे हे त्याला अजून कळलेले नाही. ज्याच्यापासून धोका नाही अशा माणसाला तो मागे फिरायला सांगतो आहे. मॅक्डफ उत्तर देतो की माझ्यापाशी शब्द नाहीत, माझा आवाज तलवारीत आहे, आणि झुंज सुरू होते.